जगदेव घरी पडला नव्हता

आजच्या या निरोप सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या डाळ मिलचे मालक आदरणीय हिरालालशेठ, रिसोडहून खास वेळ काढून आलेले व्यापारी बंधू, आजचे सत्कारमूर्ती, एकतीस वर्षं या मिलचे मॅनेजर राहिलेले रामकिसनराव, त्यांच्या सौभाग्यवती वैजयंतीवहिनी, आणि समोर बसलेल्या माझ्या हमाल बंधूंनो, चाळणीवरच्या मायबहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी सेवादास, इथला कारकून. गणपती असो की सव्वीस जानेवारी, माईक शेवटी माझ्याच हातात येतो. सेवादास शुद्ध बोलतो, असा माझा लौकिक आहे. आज मात्र जीभ जड झाली आहे. मध्येच घरची बोली निघाली तर हसू नका.

रामकिसनरावांबद्दल काय सांगू? माझी माय आजारी पडली तेव्हा या माणसानं स्वतःच्या मोटरसायकलची चावी माझ्या हातात दिली आणि आपण मालेगावपर्यंत पायी गेले. इंझोरीचा कुणी हमाल डबा विसरला, तर अर्धी भाकर त्याच्यापुढं करणारा हा माणूस. हे मी तोंडदेखलं बोलत नाही. ज्यांनी ती भाकर खाल्ली ते समोर बसले आहेत.

मग साहेब, त्या दिवशी तुम्हाला काय झालं होतं? अन् मले काय झालं होतं?

पाहुण्यांना माहीत नाही म्हणून सांगतो. आपल्या गोडाऊनवर सिमेंटचे पत्रे आहेत. त्यांच्यावर चालायची एक रीत आहे. जिथं नट आहेत त्याच रांगेवर पाय ठेवायचा, कारण तिथं खाली लोखंडी अँगल असतो. दोन रांगांच्या मध्ये पाय पडला की पत्रा फुटलाच. इथं हे सगळ्यांना पाठ आहे. यंदा उन्हाळ्यात चाळणीवरच्या बायांना भोवळ येऊ लागली, म्हणून मी सुचवलं की पत्र्यांना चुना मारा, आत थंड राहील. टाळ्या मिळाल्या मले. दोन हात चुना बसला. गोडाऊन थंड झालं, अन् नट चुन्याखाली गेले. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांनी वांदरांनी उड्या मारून एक पत्रा तडकवला. साहेबांनी आपल्या हमाल जगदेवला डांबर आणि बारदानाचा तुकडा देऊन वर पाठवलं. सेफ्टी बेल्ट ऑफिसात खिळ्याला टांगलेला होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट. तपासणीवाले येतात तेव्हा तो दिसायला पाहिजे ना! शिडी मी धरली होती. जगदेव वरून ओरडला, "सेवादासभाऊ, नट दिसून नाही राह्यले!" साहेब खालून म्हणाले, "चाल ना लेका अंदाजानं, दोन मिनिटाचं काम हाये." मी काय म्हटलं? काहीच नाही. चुना मारायचं सुचवणारा मी, आणि काहीच नाही म्हटलं.

जगदेव वीस फुटांवरून फरशीवर आला. तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नाही.

शेठजी, दोनच मिनिटं. हर्षल, माईकची पिन काढू नको बाबा, हात जोडतो.

जीपमध्ये जगदेवचं डोकं माझ्या मांडीवर होतं. साहेब म्हणाले, "सेवादास, डॉक्टरशी तू बोल, तुझी भाषा चांगली आहे. घरचं छप्पर दुरुस्त करताना पडला म्हण. मिलचं नाव आलं तर मिल बंद पडेल, चाळीस घरं उपाशी मरतील." मी डॉक्टरांना अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, "राहत्या घराचे छप्पर दुरुस्त करताना तोल जाऊन पडला." त्यांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. उभ्या जन्मात मी इतकं सफाईदार बोललो नसेन.

आता कोर्टात शेठजींचे वकील तोच कागद दाखवतात. माणूस घरी पडला, मालकाचा काय संबंध? शेठजी, तुम्ही दवाखान्यात फळं पाठवली, जगदेवच्या घरच्या विजयमालावहिनींना चाळणीवर कामाला घेतलं, हे मी नाकारत नाही. पण जगदेवला ज्यानं वर चढवलं त्यानं त्याची जबाबदारी घ्यायची असते. ती उपकारानं फिटत नाही. मागच्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो होतो. म्हणाला, "भाऊ, माह्या घराचं छप्पर हात वर केला की लागते. तिथून पडून कोनाची कंबर मोडते काय? मले दया नोको. मी कामावर पडलो, एवढं कोनीतरी म्हना." माझ्यानं खाटेजवळ उभंही राहवलं नाही. बाहेर जाऊन रडलो.

परवा सोमवारी तारीख आहे. माझा जबाब मी लिहून दिला आहे. पण जगदेवचा वकील म्हणतो, तुम्ही एकदा खोटं बोललेले, तुमच्यावर कोण विश्वास ठेवेल? ज्यानं वर पाठवलं त्यानं सांगितलं पाहिजे. आणि साहेब, तुम्ही उद्या सकाळी पुण्याला लेकाकडे निघालात, कायमचे. चार वेळा तुमच्या घरी आलो, चारही वेळा तुम्ही झोपलेले होते. मग या सत्काराच्या खुर्चीवर नाही तर कुठं गाठू तुम्हाला? माझी नोकरी आज जाईल, हे मले समजते. जाऊ द्या. पण जगदेवचं काय करू? सांगा ना, काय करू मी त्याचं?

मंडपवाल्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या मायबहिणींचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. आज भरल्या कार्यक्रमात माझ्याकडून मर्यादा सुटली असेल, तर वडीलधाऱ्यांनी पोटात घालावी. दवाखान्यात जे बोललो ते मात्र पोटात घालू नका.

साहेब, तो नारळ जरा खाली ठेवा. हा कागद घ्या, जगदेव कामावर पडला असं यात लिहिलं आहे. माझ्या सहीखाली जागा सोडली आहे.

बरं, सही नका करू. पण तोंडानं तरी बोला. हा घ्या माईक. तिकडं दाराजवळ विजयमालावहिनी उभ्या आहेत, त्यांच्या हातातला फोन मघापासून चालू आहे.

बोला, साहेब. जगदेव घरी ऐकून राह्यला.