विद्यापीठाची सून

माणिकपूरच्या बसथांब्यावर माझ्या पुढे जूचंद्रची भागूबाई आणि तिची नात जागृती.

“आजी, दोन्हीकडे नंबर लागलाय. आज एक विद्यापीठ पक्कं करायचंय. ऐक, पहिल्याचं ध्येय: मूल्याधिष्ठित शिक्षणातून जागतिक नेतृत्व.”

“आनि दुसऱ्याचं?”

“जागतिक नेतृत्वासाठी मूल्याधिष्ठित शिक्षण.”

“ही तर स्थळाची माहिती गो! मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी. सगलेच तसं लिवतात.”

“मग निवडू कशी?”

“त्या घरच्या सुनेला इचारायचं. ए रांगेतल्या पोरींनो, या दोन ठिकानी कोन शिकतंय काय?”

“आजी, हळू! सगळे बघतायत.”

“बघूदे. सून त्यांच्यातच आसंल.”

“आजी, मी पहिल्यात आहे. आमचं ध्येयवाक्य एकदम भारी. गेटवर, संगमरवरात. संध्याकाळी लाइट लागतात, सगळे सेल्फी काढतात.”

“आनि आत काय हाय?”

“आत... गेट खरंच भारी आहे, आजी.”

“कललं बाय. दुसऱ्या घरची सून हाय काय कोन?”

“मी आहे, रीमा. आमच्याकडे पण बोर्ड आहे म्हणतात.”

“म्हंतात? तू बघला नाय?”

“त्याच्यासमोर पुस्तकांची कपाटं आलीत ना. लायब्ररीत जागाच उरली नाही, म्हणून व्हरांड्यात लावली. कुलूपही नसतं. कधीही घ्या, वाचा, परत ठेवा.”

“जागृती, काढ फोन. याच घरी दिली तुला.”

“थांब हां... झालं! आजी, पक्कं झालं!”

“मंग बघतेस काय? मोठ्या जावंच्या पाया पड.”