दार लावून जा रे

माझं सगळं बदललं ते याच वर्गात, त्या दारापाशी. मयुरी मागून ओरडली, "दार लावून जा रे!" तेव्हा.

सर, काका, काकू, मित्रांनो. तुम्ही सगळे तिच्यासाठी जमलात आणि कॉलेज मधेच सोडलेल्या पोराला बोलायला उभं केलंत. जीभ उचलत नाय. पण आज नाय बोललो तर मग कुणाशी बोलू?

त्या दिवशी सरांनी ती छोटी, जुनी इंग्रजी कादंबरी शिकवायला घेतली होती. पहिला परिच्छेद मयुरीनं वाचला. नवरा घर सोडून जातो, दार सताड उघडं टाकून. बायको चुलीपाशी बसून राहते. उठून दार लावत नाय. सरांनी विचारलं, का? सगळ्यांनी गाइडमधलं सांगितलं: उघडं दार म्हणजे आशा.

मी उसळलो. "आशा कसली? राग हाय तो! जो गेला त्यानं लावायचं दार. ती का उठेल?"

सर म्हणाले, "मजकुरात दाखव कुठे ते."

मी पुस्तक आपटलं आणि निघालो. मागून ती ओरडली. वर्ग हसला. मी दार लावलं नाय. परत आलोही नाय.

पेणला रामवाडीत गणपतीच्या कारखान्यात लागलो. एक दिवस मयुरी रोह्याजवळच्या वरसेहून थेट तिथं हजर! माझे हात शाडूनं भरलेले. हिनं पुस्तक माझ्या तोंडासमोर धरलं.

"मी पानं उलटते, तू वाच. तू गेल्यावर सरांनी तुझं उत्तर फळ्यावर लिहिलं, माहितेय? पण ते अर्धंच बरोबर हाय. राग हाय तिला, व्हय. पण ज्याच्यावर काढायचा तो परत यायला नको? तूपण दार उघडं टाकून गेलास, येड्या. बाकावर तुझ्या जागी मी रोज दप्तर ठेवते. कुणाला बसू देत नाय. ये ना."

"सरांनी बोलावलं तर बघू."

"मी बोलावतेय."

"तू कोण बोलावणारी?"

तू कोण! काका, असं म्हणालो मी. कुणाला? जिचा आवाज ऐकायला मी या वर्गात बसायचो, तिला. तुमची पोर ती, रागवा माझ्यावर, पण हे खरं हाय.

तिनं पुस्तक मिटलं. "बरं," म्हणाली आणि स्टेशनकडे गेली. मी तसाच, भरल्या हातांनी धावायला हवं होतं. नाय धावलो. म्हटलं, सिझन संपू दे, मग रोह्याला जाऊन माफी मागू. सिझन संपायच्या आधी तिला ताप आला. आठ दिवस. आठच दिवसांत गेली!

तू कोण. हे दोन शब्द आता कुणाकडून परत घेऊ? सांगा ना कुणीतरी. सर, तुम्ही सांगा.

मघाशी मी माझ्या त्या जागेवर बसलो होतो. दुसरा बाक, खिडकीकडचा. बाजूला कुणी नव्हतं.

आता सगळ्यांनी उभं राहा. दोन मिनिटं, तिच्यासाठी. कुणी बोलू नका. माझ्याच्यानं ती शांतता सोसवणार नाय, मी ओरडेन. म्हणून निघतो.

मयुरे, ऐकतेस ना गो? या वेळी दार लावून जातोय.