सिताराची कूलरवाली वेबसाइट

नाही रे बापा, तठी उन्हात काहून उभा राहिला? चाबी माझ्यापाशीच हाय, पण तू आपला अठी बस, कूलरसमोर. तू अफनान ना? सिताराचा भाऊ, अकोल्याचा — ओळखलं मी तुले, नाक अगदी बहिणीवानी. ती अन् नईम तिच्या सासूले घेऊन दवाखान्यात गेले, चष्म्याचा नंबर काढाले. येतीलच आता. मले सांगूनच गेली, काकू, अफनान आला तर बसवजा म्हणे. अन् ते लॅपटॉप मांडीवर नको घेऊ, मांडी भाजते त्यानं, तो पाट घे खाली. चहा ठेवला हाय. या उन्हात चहा काय म्हणशीन, पण अकोल्याचा माणूस उन्हाले भेत असन काय! लग्नाचं काय झालं मंग तुझ्या? — बरं बरं, नाही विचारत. सहज म्हटलं.

तू काय कामाले आला ते मले समदं माहीत हाय. भिंत एकच हाय आमची, फोडणी तिकडं पडली तर ठसका इकडं लागते. ते जाहिरातवाल्याइले अर्ज कराचा हाय ना? कर बापा, चांगला लिही. पोरीनं दोन रोज झाले धड जेवण नाही केलं. काल वरण नेऊन देलं तर म्हणे ठेवा काकू, मंग जेवते — अन् आज सकाळी वाटी तशीच! मी काही बोलली नाही. म्हणजे बोलली थोडं.

तुले सांगते, तिनं ही वेबसाइट काढली तवा मी हासली होती. नईमही हासला. कूलरवर काय लिहाचं हाय माणसानं — पाणी टाका, बटन दाबा, झालं! पण तुमचे अब्बा अकोल्यात कूलरचे पत्रेच ठोकत होते ना, पोरगी त्या ठकठकीतच मोठी झाली. अन् इथं नईमचं तेच काम. दिवसभर त्याले लोकाइचे फोन — कूलरमधल्या नव्या गवताचा वास येते, मोटर घुमते, खोलीत नुसतं चिपचिप होऊन राहिलं. सितारा म्हणे, हेच एकडाव लिहून ठेवू, लोकं वाचतीन. अन् लिहिलं कसं, माहीत हाय? तू वाचलंच असशीन, पण मी सांगते — खोली चिपचिप झाली तर समोरची खिडकी उघडा, हवेले बाहेर जाले रस्ता द्या. पत्र्याले हात लावला अन् झिणझिण आलं तर आधी प्लग काढा, मंग बाकीचं. साधं, आपल्या बोलीतलं. जळगाववाले वाचतात, चंद्रपूरवाले वाचतात. अन् गवत बदलाचा तो फोटो हाय ना, त्यातला हात माझा हाय. हे पाय — ह्याच बांगड्या! माझ्याच अंगणात काढला. ओमप्रकाशले पाठवला तर तो म्हणे, आई, तू तर हिरोईन झाली.

ओमप्रकाश म्हणजे माझा पोरगा. पुण्याले असते. काही दिवस जाऊन पाहतो म्हणे — मंग तठीच राहिला, सूनही तठीचीच. दिवाळीले येतात. चांगलं हाय त्याचं, मी काही म्हणत नाही. फोन करते. कधी कधी मीच करते.

ते जाऊ दे. मी काय सांगून राहिली होती? हां — नईम. कूलरचं काम उन्हाळ्यापुरतं, बाकी साल माणूस बसून. त्याच्या दोस्तानं बोलावलं पुण्याच्या कंपनीत. सितारा म्हणे, आपल्या नगमाची शाळा उघडेपर्यंत थांबा, साइटवर घरभाडं निघालं तर कायले जाता? तो थांबला. अन् निघून राहिलं होतं ना भाडं! पानावर मधे मधे त्या जाहिराती येतात, वाचणाऱ्यानं एखादी दाबली का हिच्या खात्यात थोडं जमा. हळूहळू, पण होत होतं. अन् आता एकदम खातंच बंद! म्हणे, तुमच्या जाहिराती खोट्या दाबल्या गेल्या. काल नईमनं दोस्ताले फोन लावला, मी आयकलं. आयकलं म्हणजे — ओट्यावर होती मी, धुणं वाळू घालत. पोरगी आत भांडी घासत होती, एकच पातेलं किती वेळ घासत होती, बाप्पा.

मले विचारशीन तर हे त्या उत्तमरावचं काम हाय. कोपऱ्यावरचं दुकान, नवे कूलर विकते तो. सितारानं लिहिलं ना का जुना कूलर फेकू नका, दुरुस्त होते — तवापासून तोंड वाकडं हाय त्याचं. तुझ्या अर्जात टाक त्याचं नाव.

काय? कधी दाबल्या ते समजते काय त्याच्यात? — दुपारी. रोज दुपारी. हं. दुपारी तर उत्तमराव दुकान बंद करून झोपते, ते खरं हाय. मंग दुसरं कोणी... अन् एकाच जाग्यावरून म्हणतं? म्हणजे या गल्लीतूनच? पण या गल्लीत दुपारी राहते कोण? गडीमाणसं कामावर. आमीच बाया तेवढ्या.

नाही, आमी तर पापड लाटतो ना. तुमच्याकडंही असनच — आज माझ्या घरी, उद्या गोदाबाईच्या, परवा जयवंताच्या, ज्याच्या घरचं वाळवण त्याच्या घरी समद्या जाणार. औंदा माझ्याच घरी बसतो रोज, कूलर चांगला हाय म्हून. सितारा नाही येत, तिचं लिहिणं असते दुपारी. तर मीच म्हटलं बायाइले, ती पोरगी एकटी खपून राहिली, आपण एकमेकीचे पापड लाटतो तर हिचं काहून नाही करू? हात धुतले का समद्याइनं मोबाइल काढाचे, सिताराचं पान उघडाचं अन् दिसन ती जाहिरात दाबाची. गोदाबाईले दिसत नाही बरोबर, तिचं मी दाबून देते. जयवंता तर नवऱ्याचाही मोबाइल आणते! पंधरा-वीस बाया, हासत हासत काम. सिताराले नाही सांगतलं — सांगून केली तर मदत कायची? अन् परवापासून त्या जाहिराती दिसेनाशाच झाल्या, तर आमी अजून जोरानं —

असा काय पाहून राहिला?

नाही, पण आमी चोरी थोडी केली! तिचंच पान, तिच्यासाठीच... दाबलं का पैसे येते असं तिनंच सांगतलं होतं मले, इथं बसून. वस्तू घेणाऱ्यानंच दाबावं म्हणजे? मनापासून दाबावं — आमी काय मनापासून नाही दाबलं?

वायफाय? माझं हाय. ओमप्रकाशनं लावून देलं, आई व्हिडीओवर दिसली पाहिजे म्हणे. बायाइले पासवर्ड मीच देलं, त्याइचा नेट कायले जळाचा? सितारालेही देलं, भिंतीपल्याड मस्त येते, तिनं वायलं काहून लावाचं... हो, तिचं काम समदं यावरच.

म्हणजे त्याइले वाटते, तिनंच घरी बसून...

थांब, चहा उतू जाऊन राहिला असन. नाही — गॅस बंद केला होता मी. बंदच हाय.

हे पाय अफनान, माझं नाव नको टाकू. टाकाचंच असन तर गल्लीतल्या कोण्या बाया असं लिही. मी तिच्या पोरीले झोपवते दुपारची, बापा. नगमा मले नानी म्हणते. हे समजलं तर ती भिंतीवरून वाटी देईन काय मले? तूच सांग. अन् अर्ज एकच डाव करता येते म्हणतं, एकच डाव... अन् तू काय लिहिलं आतापर्यंत? वाच. — ‘या जाहिराती आमच्या ओळखीच्या कोणीही दाबलेल्या नाहीत.’

खोड ते.

खोड म्हणते ना! खोटं निघालं तर नईमले कोण थांबवन मंग? मी पाहिलं हाय, काही दिवस म्हणून गेलेला माणूस कसा येते तो. लिही — शेजारीण, पंचफुला. वायफाय तिचं. बायाइले तिनंच बसवलं. सिताराले यातलं काही माहीत नव्हतं. काय लागन ते विचारा म्हणा मले, मी सांगते त्याइले, हिंदीत सांगते. लिहिलं? पासवर्ड आजच बदलून दे माझं. बायाइले मी पाहते.

फाटक वाजलं. आली वाटते.

तू तिकडं, तिच्या घरात जाय. लॅपटॉप घेऊन जाय, ही चाबी घे — जाय म्हणते ना, तू कायले मधात? हो वं, आला तुझा भाऊ, आलाच हाय. नाही, चहा मंग. सितारा, इकडं ये. काही नाही झालं. बस. नाही माय, आधी बस तू.