सासूच्या सिनेमाचं पोस्टर

—नाही गं पोरी, सासूच्या सिनेमाचं तेवढं नाहीये, उंदरांनी खाल्लं म्हटलं ना एकदा! बाकीची ने की. पलंगाखाली ढीग पडलाय. अख्ख्या कैरोच्या भिंती माझ्या नवऱ्यानं रंगवल्या, आणि तुमच्या संग्रहालयाला जाग कधी आली, तर उस्ताद शौकी मातीत गेल्यावर. असू दे. कॉफीत साखर पुरे ना? आणि मघाशी काय म्हणालीस—‘वर्तुळाकार रचनेचा जनक’? कोण, शौकी? अगं, कसला जनक! एका सिनेमात समिहा आणि नवाल, दोघी नायिका, आणि दोघींना नाव वर पाहिजे. समिहाचा भाऊ अक्षरं मोजायला फूटपट्टी घेऊन आमच्या दारात, त्याच्यामागे नवालची आई कंबर कसून, आणि निर्माता हाजी मुर्सी माझ्या दिवाणावर घाम पुसत बसलेला. मग यानं काय करावं? नावं गोल फिरवली, घड्याळातल्या आकड्यांसारखी! कुठून वाचायचं तेच कळेना, दोघी खूश. पुढे बैरूतपासून ट्युनिसपर्यंत जो तो नावं गोल काढत सुटला. भित्रा होता गं तो, भांडण म्हटलं की मागच्या दारानं पसार. त्याला तुम्ही कला म्हणता—म्हणा बापड्यांनो.

नायिका मात्र काढाव्यात त्यानंच. काय त्या पापण्या, काय त्या माना! स्टुडिओत जाऊन दिवसदिवस बघत बसायचा त्यांच्याकडे—‘काम आहे, दौलत.’ हो, काम! आणि मी नवा झगा घालून समोर उभी राहिले तर विचारायचा, लाल रंगाची बाटली कुठं ठेवलीस? लागायचं गं. कुणाला नाही लागणार? पण बोलायचं कुणाला, आमची सगळी शुब्राची वस्ती त्याच्यावर फिदा.

सासूचं ना? सांगते. सिनेमात सासू झाली होती झेनब, पण बाईसाहेबांनी बजावलं, पोस्टरवर मला म्हातारी काढलंत तर खबरदार. हाजी म्हणतो, सासू खाष्टच दिसली पाहिजे, नाहीतर तिकीट कोण काढणार? झालं, हा डोकं धरून बसला. तेवढ्यात मी बाहेर आले, हातात मुलुखियाची पालेभाजी चिरायची सुरी—त्यानं माझ्या माहेरच्या टॉवेलला ब्रश पुसले होते—आणि घेतला की फैलावर! तर तो उठून म्हणतो, दौलत, तशीच थांब, ओरडत राहा! मी सव्वीस वर्षांची गं, आणि मला साठीची केली, गाल ओघळलेले, भुवया अशा चढलेल्या. इमादुद्दीन रस्त्यावर दुमजली उंच लावलं. कसायाच्या दुकानात गेले तर बायका म्हणतात, आल्या सासूबाई! आईनं वर्षभर जावयाशी बोलणं टाकलं. आणि झेनब ठुमकत सांगतेय, बघा, मी नाहीच्चे ती!

—काय? जाळलं का नाही? वा, जाळीन कशी, कपाटामागे गुंडाळून—

बरं, आहे. उंदीरबिंदीर काही नाही. खोटं बोलले. पण द्यायचं नाही. ‘त्यांचं सर्वोत्तम काम’ असेल, तुमच्या साहेबांना सांग, दौलतबाई खाष्ट आहे, पोस्टरवर बघून घ्या. —खाली माझं नाव घालाल? नाव घेऊन काय करू?

अगं, दुपारभर बघत होता तो माझ्याकडे. पापणी न लववता. लग्नाच्या दिवशीसुद्धा इतकं बघितलं नव्हतं त्यानं. टॉवेलचं बोलून संपलं, राग केव्हाच गेला, हसू यायला लागलं मला. पण थांबले असते तर त्यानं ब्रश खाली ठेवला असता. म्हणून त्याच्या बहिणीचं उकरून काढलं, मग लग्नातल्या मानपानाचं, मग जे सुचेल ते—घसा बसेपर्यंत ओरडत राहिले मी, पोरी, नुसती—

संपली ना कॉफी? ऊठ मग. पलंगाखालचं सगळं घेऊन जा, आणि जाताना दार ओढून घे.