दादाची दाढी

नाही, मशीन नको. वस्तरा घ्या. हो, सगळी — मालक, असं बघू नका माझ्याकडे, मी पिऊन आलेलो नाही. गिऱ्हाईक म्हणतंय सगळी काढा, तर काढायची. तुमचा जीव तुटतोय ते कळतंय मला. तुटणारच, वाढवलीत तुम्ही, मी नुसता गाल दिला. कालपरवापर्यंत येईल त्याला दाखवत होतात ना — हे बघा, याच्यासारखं माझं डोकं खाल्लं तर अशी दाढी येते. बघा, हसलात. हसा, पण आधी पाणी तापवा.

आठवतं, पहिल्यांदा आलो तेव्हा? डाव्या गालावर हा एवढा मोकळा पट्टा होता, तुम्ही बोट लावून म्हणालात, इथं कुंपण घालायचं राहिलं का काय. आणि मी आपला शहाणा — म्हटलं, रोज वस्तरा फिरवला की दाट येते म्हणतात. तुम्ही डोक्यावरची टोपी काढून टक्कल दाखवलंत. म्हणालात, तसं असतं तर मी रोज इथं वस्तरा नसता फिरवला? मग एकेक सांगत गेलात. महिनाभर कात्री नाही लावायची, कितीही भिकारड्यासारखी दिसली तरी. खाज सुटेल, खाजवायचं नाही. कोमट पाणी, अंगाचा साबण बंद. तेलाचे दोनचार थेंब, तेही आधी तळहातावर चोळून मग मुळाशी, कातडीला — केसांना तेल पाजून उपयोग नाही म्हणालात, तहान कातडीला असते. सिगारेट सोड. झोप काढ. अंडी खा, डाळी खा, पालेभाजी खा, सकाळी पळ, घाम येऊ दे. आणि काळजी करू नकोस. केलं हो सगळं. सिगारेट सुटली, पळायला लागलो, कारखान्यात सायबानं दाढीवर जाळी बांधायला लावली — गोळ्यांच्या पाकिटात केस गेला तर कोण निस्तरणार — ती बांधून दिवसभर मासळीसारखा फिरलो. फक्त ते शेवटचं तेवढं, काळजीचं, ते जमलं नाही.

आणि मग विचारलंत तुम्ही — हे सगळं खतपाणी झालं, बी रक्तात असावं लागतं, घरात कोणाला आहे का दाट? मी म्हटलं, आहे. मोठ्या भावाला आहे. 'आहे' म्हटलं मी. होती म्हणायला हवं होतं.

नाही, मुलगी बिलगी कोणी नव्हती. थाप मारली तुम्हाला. मुलीला दाढीवाला नवरा हवाय म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही, उलट मदत करतात. तुम्ही तर दर वेळी — पसंत पडली का, तारीख धरली का. मी लाजल्यासारखं करायचो. साबण लावा ना, बोलता बोलता लावा, मला बोललं की बरं वाटतं. लहानपणापासून तसंच आहे माझं. बाबा म्हणायचे, याच्या तोंडाला झाकण करायचं राहून गेलं.

बाबा लाकडाला पॉलिश करायचे. कपाटं, खुर्च्या, मोठमोठ्या लोकांची टेबलं. डोळे तेव्हाही अधूच, आता तर दोन्ही गेले, पण त्यांचं बघणं पहिल्यापासून हातानंच. घासून झालं की डोळे मिटून तळहात फिरवायचे, जिथं खरखर लागेल तिथं परत काचकागद. माणसाला सुद्धा तसंच. दादा आला की पहिल्यांदा त्याच्या जबड्यावरून हात — दादाची दाढी म्हणजे काय सांगू, मिसरूड फुटलं तेच कॉलेज संपायच्या आत छातीपर्यंत. लिफ्ट दुरुस्त करायचा तो, कंपनी पाठवील त्या गावी. कधीतरी यायचा, पाहुण्यासारखा. दारात बूट वाजले की बाबा उठून बसायचे. दाढी कुरवाळायचे, ओढायचे, म्हणायचे, जंगल केलंस की रे. मी शेजारी उभा. मी रोज असतो, मी औषधं आणतो, मी अंघोळ घालतो. माझ्या तोंडाला कशाला कोण हात लावतंय.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला, दवाखान्यात होते, आणि त्याच आठवड्यात तिकडे दादा लिफ्टच्या खड्ड्यात उतरला आणि वरून डबा आला. संपलं. क्षणाचाही त्रास झाला नाही म्हणाले तिथले लोक. त्यांना काय माहीत म्हणा, पण म्हणाले. डॉक्टर म्हणाले, वडिलांना आत्ता कळता कामा नये. बरोबर होतं तेव्हा. वहिनी म्हणाली, घरी आले की सांगू. घरी आले. मी म्हटलं, जरा ताकद येऊ दे. ताकद आली, मी म्हटलं, जरा थांबू. दादा बाहेरगावी आहे, मोठं काम आहे, फोन लागत नाही तिथं. असल्या थापांना घड्याळ नसतं मालक, त्या चालतच राहतात. बाबा विचारायचे कमी झाले, पण एका संध्याकाळी मी खाटेवर बसलो आणि त्यांचा हात उठला. कधी नव्हे तो उठला. माझ्या गालावर आला, आणि म्हणाले — अच्छा, तू होय. आणि हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो मी.

मान वर करू? बरं. ही खालची बाजू बघा, हनुवटीखाली. इथं केसांचा भोवरा आहे ना? तुम्हीच दाखवलात मला मागे, इथं कात्री अडखळते म्हणालात. मालक, हा माझा नाही. मिसरूड फुटल्यापासून मी गुळगुळीत करत आलोय, मला माझी हनुवटी माहीत आहे, इथं भोवरा नव्हता. दादाला होता. घरी आरशात बघून अंदाजानं कातरायचा तो भोवरा, शिव्या देत. आता तुम्ही म्हणाल, वाढू दिली नाहीस तर दिसणार कसा — म्हणा. मीही तेच म्हणतो स्वतःला. दिवसा पटतं. कारखान्यातून बाहेर पडताना काचेचा दरवाजा आहे, त्यात समोरून दादा यायला लागला. मी आधी थांबायचो, मग तो थांबायचा. सवय झाली नंतर. एकदा तर मी त्याला वाट करून दिली, बाजूला झालो, मागचे लोक हसले.

आणि वहिनी. ती वर राहते, आम्ही खाली. दोन्ही वेळ मी जेवायला वर जायचो. एक दिवस दादाचा शर्ट घातलेला, माझे सगळे भिजलेले होते हो, खरंच भिजलेले होते — आणि तिनं दार उघडलं. ताट वाढलं, समोर ठेवलं, आणि बघतो तर मीठ उजवीकडे. मी डावखुरा आहे. माझं मीठ ती कायम डावीकडे वाढते. तिला पण तेव्हाच दिसलं. म्हणाली, भावजी, उद्यापासून डबा खाली पाठवीन. वर येत जाऊ नका. राग नव्हता तिच्या आवाजात. रागावली असती तर मी दाढी काढली असती.

काढली असती का? नाही. खोटं कशाला बोलू, वस्तरा गळ्याशी आहे. तोपर्यंत डावा गाल भरत आला होता.

मग एके दिवशी बूट वाजवून घरात शिरलो. बस, एवढंच. आवाज आमचा दोघांचा सारखाच, फोनवर वहिनी सुद्धा फसायची, आणि बाबांचा एक कान बंद, दुसरा त्याच्या मर्जीनं चालतो. बाबा उठून बसले. हात पुढे केला, आला थेट जबड्यावर. ओढली. जंगल केलंस की रे. मालक, मी सांगू का तुम्हाला, ते तोंड, बाबांचं ते तोंड — त्याच्यासाठी कोणी मला वेशीपर्यंत नागडं चालायला लावलं असतं तरी चाललो असतो. त्या रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला जवळ बसवून घेतलं. मी पहिल्यांदा कमी बोललो, दादा कमी बोलायचा ना. गप्प बसून नुसता त्यांचा हात गालावर. असे दिवस गेले, चांगले गेले, का चांगले जाऊ नयेत? कोणाचं काय वाईट करत होतो मी?

पण एक हिशेब मला जमला नव्हता, आणि तो कोणत्याही पोराला जमला असता. एका गालावर दोन माणसं राहत नाहीत. दाढी सकाळी काढून संध्याकाळी लावता येत नाही. दादा आला, तेव्हा मी कुठं गेलो?

बाबांनी विचारलं — धाकटा दिसत नाही. मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय, कामाला. हं म्हणाले. परत विचारलं. मी परत तेच. आणि गेल्या आठवड्यात माझी दाढी धरली त्यांनी मुठीत, लाडानं नाही, घट्ट, आणि म्हणाले, तू बाहेरगावी आहेस असं तो मला सांगायचा तेव्हा मला वाटायचं, पोरगं काहीतरी लपवतंय, मोठ्याचं काहीतरी बरंवाईट झालंय. मनात तुझं सगळं करून बसलो होतो मी. तू आलास. आणि आता तो बाहेरगावी. तो कधी गावाची हद्द ओलांडत नाही. खरं सांग. कसा गेला तो?

थांबा जरा. वस्तरा बाजूला घ्या, मला गिळायचंय.

मी म्हणू शकलो असतो, बाबा, हा मीच. तोंडात होतं. पण मूठ सुटली असती ना त्यांची. मी सांगितलं. मालक, मी सांगितलं त्यांना. खड्ड्यात उतरला होता, वरून डबा आला, क्षणाचाही त्रास झाला नाही. सगळं दादाचं सांगितलं, नाव तेवढं माझं घातलं. कारखान्यात पण लिफ्ट असते म्हटलं.

काय करतील असं वाटतं तुम्हाला? ओरडले नाहीत. माझ्या छातीवर डोकं टेकलं आणि बोलायला लागले. माझ्याबद्दल. म्हणाले, तू पाहुण्यासारखा यायचास, तुझं कौतुक व्हायचं, तो रोज समोर, रोजच्या माणसाचं कौतुक करायचं सुचतच नाही रे. म्हणाले, बडबड करायचा नुसता, मी ओरडायचो, पण कामाला गेला की घर खायला उठायचं, घड्याळाला कान लावून बसायचो. आणि म्हणाले — त्याचा गाल काय गुळगुळीत असायचा. एवढा साफ हात मला जन्मात कुठल्या लाकडाला साधला नाही. एकदाच हात लावला मी आणि पटकन काढून घेतला. त्याला काय वाटेल म्हणून. म्हाताऱ्याला आता लाड सुचतायत, असं.

आणि मी ऐकत होतो. दादाच्या दाढीतून ऐकत होतो. खरं सांगू तुम्हाला, हे मी कोणाला सांगणार नव्हतो — मला बरं वाटलं. बाप रडतोय आणि मी मनात म्हणतोय, अजून बोला. अजून काय काय आवडायचं? मी त्यांना विचारलं सुद्धा. अजून कसा होता तो, बाबा? असा माणूस आहे मी, त्याची तुम्ही दाढी करताय.

त्या दिवसापासून ते जेवत नाहीत. पाणी घेतात चमच्यानं. माझा शर्ट उशाशी घेतलाय. वहिनी औषध द्यायला खाली आली तेव्हा म्हणाले तिला, धाकटा गेला ग, आणि तुम्ही सगळ्यांनी लपवलंत माझ्यापासून. तिनं माझ्याकडे बघितलं. कसा गेला तेही सांगितलं बाबांनी, तिनं सगळं ऐकून घेतलं, औषध पाजलं, तोंड पुसलं त्यांचं. जिन्यात मला थांबवलं. म्हणाली, भावजी, तुमच्या दादांचा चेहरा घेतलात तो मी सोसला. शर्ट घेतलात. मरण तरी माझ्या नवऱ्याचं होतं. तेवढं त्यांचं त्यांना परत द्या. मी काय बोलणार होतो? मी, ज्याच्या तोंडाला झाकण नाही तो.

म्हणून आलो. फिरवा. उजवीकडचं झालं ना? गार लागतंय. परत फिरवा तिथं, उलट्या दिशेनं पण. मला चालेल कातडं सोललं तरी, पण कुठं टोचता कामा नये. त्यांच्या हाताला कळतं.

सरळ घरी जाणार आहे मी इथून. बूट दाराबाहेर काढीन. खाटेवर बसून त्यांचा हात उचलून गालावर ठेवीन, आपणहून. ओळखतील. चमत्कार झाला म्हणतील, पोरगं आलं म्हणतील, दोन घास खातीलही. आणि मग — ते खुळे नाहीत, मालक, डोळे गेलेत फक्त — मग विचारतील, हा जर इथं आहे, तर गेला तो कोण? सांगणार आहे मी. या वेळी सांगणार. पण त्यांचा हात गालावर आला आणि ते अजून काही बोलले नाहीत, तो मधला वेळ असेल ना, तेवढ्या वेळात आम्ही दोघंही असू त्यांना. दोन्ही पोरं. तो वेळ मी ओढता येईल तेवढा ओढणार आहे, गप्प बसून.

हात का थांबवलात? फिरवा. ओठाशी आलात आता, मी बोलत नाही.