बत्तीसातलं एकविसावं

नाही, पण "भिंतीवर का नाही लावली?" असं विचारणारे तुम्ही काही पहिले नाही आहात. आमच्या घरी पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस हेच विचारत आलाय, नळ दुरुस्त करणारा विचारून गेला, पार्सलवाला सही घेता घेता विचारून गेला, वरच्या मजल्यावरच्या काकू तर सोफ्यासमोरच्या त्या रिकाम्या खिळ्याकडे अशा बघायच्या की जणू त्याचं कुठे जमतच नाहीये बिचाऱ्याचं... अहो, भिंतीवर लावायला ते काय कॅलेंडर आहे? लिमिटेड एडिशन प्रिंट आहे ती! जगात फक्त बत्तीस आहेत. बत्तीस! आणि त्यातली एक माझ्या पलंगाखालच्या खणात, ॲसिड नसलेल्या कागदात, त्यावर पुठ्ठा, त्यावर दुसरा पुठ्ठा, चार कोपऱ्यांत बुटांच्या खोक्यात येतात ना त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

बाबांना सांगायला गेलो तर बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "प्रिंट म्हणजे छापलेलंच ना? मग खालून कलर झेरॉक्स आण आणि ती लाव. फाटली तर दुसरी." झेरॉक्स! ज्या माणसाच्या घरात मी जन्म घेतला त्याने मला हे ऐकवावं?

तुम्हाला सांगतो, ही प्रिंट कशी होते माहितीये? त्या चित्रकार बाई तांब्याच्या पत्र्यावर सुईसारख्या हत्याराने एकेक रेघ कोरतात, महिनोन्‌महिने, मग त्यात शाई चोळायची, वरची पुसायची, रेघेतली ठेवायची, वर ओलसर कागद, आणि हे भलंमोठं चाक हाताने फिरवायचं, की पलीकडून एक चित्र येतं. एकच. पुन्हा शाई, पुन्हा पुसणं, पुन्हा चाक. आणि ठरलेल्या प्रती निघाल्या की बाई काय करतात? मी समोर उभा होतो हो, त्यांच्या स्टुडिओत, गॅरेजच्या वर, टर्पेंटाइनच्या वासात. त्यांनी ते हत्यार उचललं आणि पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली. कर्रर्र. मी "अहो!" म्हणून ओरडलोसुद्धा, तर बाई शांतपणे हात पुसत म्हणाल्या, "झालं. आता मला स्वतःलाही काढता येणार नाही."

म्हणजे कळलं का? संपलं! जगात फक्त बत्तीस. आणि मग प्रत्येकीच्या खाली पेन्सिलीने बारीक सही आणि नंबर. माझा एकविसावा. वर्षभर त्या बाईंच्या जिन्याच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा मिळाला. किंमत विचारू नका, मी घरीही खोटीच सांगितलीय.

तर मी ती घरी आणली, हात धुतले, पांढरे सुती हातमोजे घातले, आणि डायनिंग टेबलावर चादर पसरून उलगडली. चित्र म्हणाल तर साधंच, स्वयंपाकघर, खिडकी, खिडकीशी स्टूल, स्टुलावर अर्धवट विणकाम, आणि दार अर्धं उघडं. माणूस नाहीच चित्रात. आई आली, पदराला हात पुसत उभी राहिली, आणि आधी काय बघितलं असेल तिने? नंबर! "बत्तीसपैकी एकवीस? बरे आहेत की." आई, ते मार्क नाहीत. मग चित्राकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आत्ताच उठून गेलीय बघ कोणीतरी. बेल वाजली असेल." आणि बोट पुढे केलं! बोट! त्याच हाताने तिने मिनिटभरापूर्वी कणीक मळली होती! मी असा काही ओरडलो की बाबांनी पेपर खाली ठेवला, हे आमच्या घरात फार क्वचित घडतं. झालं, पाच मिनिटांत सगळं गुंडाळून खणात. आई म्हणाली, "अरे, मी खिळा ठोकून घेतला होता." मी तिला समजावलं, उजेडाने कागद पिवळा पडतो, दमटपणाने डाग पडतात, फोडणीची वाफ म्हणजे तर साक्षात विष. ती म्हणाली, "मग बघायचं कधी?" आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? जगात फक्त बत्तीस आहेत आणि बाईसाहेबांना बघायचंय!

आणि इथून पुढे ऐका, इथून पुढे माझं रक्त उकळतं.

आईचा दात दुखायला लागला. दर शनिवारी. सकाळी ठणठणीत, चकल्या काय, जे कडक असेल ते कडाकडा खाणार, आणि चार वाजले की गालाला हात. "जरा डॉक्टरांकडे जाऊन येते." कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर, आमचे सगळ्यांचे तेच. मी म्हटलं सोबत येतो, तर नको. औषध दिलं का, तर नाही. कोणता दात, तर कधी डावा, कधी उजवा, एकदा तर म्हणाली "मधला". दोन महिने हे चाललंय! मी घाबरलो हो. म्हटलं ही काहीतरी लपवतेय, मोठं दुखणं असणार, आया अशाच असतात, स्वतःचं काही सांगणार नाहीत. बाबांना विचारलं तर बाबा म्हणाले, "परत आली की खूश असते. चालू दे." म्हणजे यांना काळजी नाही! शेवटी मागच्या शनिवारी मी तिच्या मागोमाग गेलो.

दार ढकललं. आत बाकावर आई. मांडीवर पर्स, पायातल्या चपला काढून ठेवलेल्या, अगदी घरच्यासारखी बसलेली. आणि समोरच्या भिंतीवर... दात कसे घासावेत या पोस्टरच्या शेजारी... खिडकी, स्टूल, विणकाम, अर्धं दार.

माझीच प्रिंट! म्हणजे माझी नाही, पण माझीच! जगात बत्तीस, आणि त्यातली एक माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर, एका स्क्रूने बसवलेली, साध्या काचेत, आणि समोरच्या खिडकीतून तिरपं ऊन थेट तिच्यावर! मी धावत जाऊन खाली वाकून नंबर बघितला. नऊ. या माणसाला नववी! मी वर्षभर जिने चढलो आणि मला एकविसावी, आणि हा दाढा उपटणारा मनुष्य नववी घेऊन ती टूथपेस्टच्या जाहिरातीशेजारी टांगतो!

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीवर, आणि मला बघून असे फुलले की विचारू नका. "या या या! अहो, तुमच्यामुळे तर घेतली. तुम्ही मागे दात साफ करायला आला होतात ना, तेव्हा नाही का सांगितलंत सगळं?"

सांगितलं होतं हो. तोंडात ती पाणी ओढणारी नळी, डोळ्यांवर दिवा, आणि मी दर दोन चुळांच्या मध्ये तांब्याचा पत्रा, शाई, चाक, बाईंचा पत्ता, कोणत्या वाराला भेटतात, सगळं सगळं ओकून मोकळा. डॉक्टर त्या वेळी म्हणाले होते, मागची एक दाढ बघावी लागेल. ते मात्र मी ऐकलं नव्हतं.

मी आईकडे वळलो. म्हटलं, तुझा दात? रिसेप्शनवरच्या ताई फायलीतून मान न काढता म्हणाल्या, "काकूंचे दात एकदम छान आहेत. त्या बसायला येतात." बसायला!

"घरात आहे ना आपल्या!" मी म्हटलं.

"घरात खणात आहे," आई म्हणाली. "इथे भिंतीवर आहे."

आता यावर मी काही बोलणार, तर ती मलाच हाताला धरून शेजारी बसवते आणि सांगायला लागते, की आधी तिला वाटायचं बेल वाजली म्हणून ती विणणारी बाई उठली, मग एका शनिवारी वाटलं नाही, कोणीतरी हाक मारली असेल, कारण सुया नीट ठेवलेल्या नाहीत, घाईने टाकल्यात, आणि या शनिवारी तिच्या लक्षात आलं की ती मांजरासाठीच उठलीय.

मी म्हटलं, "कोणतं मांजर?"

आईने माझी मान चित्राकडे वळवली. "अरे, दाराच्या फटीत शेपटी नाही का?"

शेपटी होती! दाराच्या खाली, सावलीत, बारीक वाकडी शेपटी! तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात एकच विचार आला, नवव्या प्रतीत शेपटी आहे, माझ्या एकविसाव्यात नसली तर? मी तसाच पळालो घरी, हातमोजे, चादर, पुठ्ठे, पुड्या, टॉर्च... होती. तिथेच होती. आठ महिने माझ्या पलंगाखाली एक मांजर होतं आणि मला पत्ता नाही! अहो, मी बघायचो की दर रविवारी! नंबर बघायचो, सही बघायचो, बुरशी बघायचो... चित्र बघायचं राहूनच गेलं, एवढंच.

बरं, मी काही दगड नाही. काल फ्रेम करून आणली, ऊन अडवणारी काच, सगळं व्यवस्थित, आणि आईच्या त्या खिळ्यावर लावली. बाबासुद्धा उठून आले. फक्त एक केलं, खिडकीचे जाड पडदे ओढून घेतले आणि वरचा दिवा काढून टाकला. उजेड नको ना! आई सोफ्यावर बसली, डोळे बारीक केले, पुढे झुकली, मागे झुकली. मग म्हणाली, "एवढ्या अंधारात ती बाई विणणार काय?" उठली आणि पर्स घेतली.

"कुठे?"

"दात दुखतोय."

मग मीही गेलो. काय करणार? बसलो दोघं बाकावर, शेपटीकडे बघत, आणि आई मला सांगत होती की आज तिला वाटतंय ते मांजर शेजारच्यांचं आहे, आणि खरं सांगू, मलाही वाटायला लागलं होतं. तेवढ्यात रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, आज गर्दी आहे, नुसतं बसता नाही येणार, दोघांपैकी पेशंट कोण? आणि आईने, माझ्या सख्ख्या आईने, चित्रावरची नजर न काढता माझ्याकडे बोट केलं.

डॉक्टरांनी आत घेतलं, तीच मागची दाढ बघितली, म्हणाले, "तेव्हाच आला असतात तर वाचली असती." काढली हो. अर्ध्या तासात. आणि कापसात गुंडाळून हातात दिली.

तीही बत्तीसातलीच होती. आणि हिचाही पत्रा आता कुठे शिल्लक नाही.