तीन महिन्यांनी दाखवा

आई : नाही डॉक्टर, कुठेतरी पाणी मुरतंय. पोरीच्या छातीत गाठ आहे म्हणता, आणि वर घरी जा म्हणता!

डॉक्टर : तीन महिन्यांनी दाखवा, म्हणतेय. साधी गाठ आहे. चौदा-पंधराव्या वर्षी होतात अशा. कॅन्सर नाही हा.

आई : मग सोनोग्राफीवाल्या बाईंच्या तोंडाला कुलूप का? दोनदा विचारलं, तर म्हणे डॉक्टरच सांगतील.

डॉक्टर : त्या सगळ्यांनाच असं सांगतात.

आई : माझ्या ताईलाही ‘काही नाही’च म्हणाले होते. वर्षात गेली. शेवटी शेवटी मीच अंघोळ घालायचे तिला. ते काही नाही, आजच काढून टाका.

डॉक्टर : हिची वाढ अजून चाललीय. उगाच सुरी लावली तर वण राहील, आकार बिघडेल. भराभर वाढली, तर मीच काढीन की.

मुलगी : मला नाही कापून घ्यायचं.

आई : तू बोलूच नकोस! चार महिने लपवलंस. पोहणं सोडलंस, कडी लावून कपडे बदलायला लागलीस. आणि मी मेली कुणा मुलाचा संशय घेत बसले!

मुलगी : सांगितलं असतं तर असाच चेहरा केला असतास. मावशीच्या फोटोकडे बघताना करतेस तसा.

डॉक्टर : तुम्ही हात लावून पाहिलीत गाठ?

आई : ही जवळ येऊ देईल तर ना.

डॉक्टर : काय गं, चालेल तुला?

मुलगी : ...तिचे हात गार असतात.

आई : चोळते. हे बघ, चोळले.

(पडदा ओढल्याचा आवाज.)

डॉक्टर : दोन बोटं इथे. हलकेच.

आई : अगं बाई! निसटली.

डॉक्टर : परत शोधा.

आई : ही... पुन्हा पळाली. ओल्या साबणासारखी. डॉक्टर, ही हलतेय!

डॉक्टर : आणि ताईंची?

आई : रुतून बसली होती. तसूभर हलायची नाही.

डॉक्टर : नुसत्या बोटांवर मी विसंबत नाही. पण सोनोग्राफीही तेच सांगतेय.

आई : तारीख लिहून द्या. आणि त्या दिवशी सुट्टीवर जाणार असाल, तर आत्ताच सांगा.

डॉक्टर : नाही जात.

मुलगी : आई, झालं ना? हात काढ आता.

आई : थांब गं. राहू दे जरा.